ब्रसेल्समध्ये देशाची बाजू नक्की मांडतं कोण? (युरोपीय संघ, राजदूत आणि बंद दारामागचं राजकारण)

शुमानकर

‘हंगेरीने पुन्हा अडवलं’ अशी बातमी आली की इथे दोन दिवसांत धागा निघतो आणि पन्नासाव्या प्रतिसादाला ‘युरोप संपला’वर येऊन थांबतो. त्या सगळ्या धाग्यांवर एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. सत्तावीस देशांचे पंतप्रधान अधूनमधून ब्रसेल्सला जमतात, टेबलावर मुठी आपटतात आणि ज्याची मूठ जड त्याचं साधतं. मी ब्रसेल्सात एका उद्योगसंघटनेत नोकरी करतो. असं होत नाही म्हणूनच माझी नोकरी टिकून आहे. मंत्री विमानातून उतरेपर्यंत बहुतेक कायद्यांचा निकाल लागलेला असतो. तो कुठे लागतो आणि कोण लावतं, यावर लिहावं म्हणून हा धागा.

प्रत्येक सदस्य देशाची इथे एक कायमस्वरूपी प्रतिनिधी कचेरी असते. बेल्जियमसाठीचा दूतावास वेगळा, ही वेगळी. तिच्यात परराष्ट्र खात्याचे लोक असतातच, शिवाय शेती, अर्थ, वाहतूक, आरोग्य, मासेमारी अशा खात्यांतून तीन-चार वर्षांसाठी पाठवलेली माणसंही असतात. इथे त्यांना सरसकट अटॅशे म्हणतात. आयर्लंडची रू फ्रॉइसारवरची कचेरी ही त्या देशाची जगातली सर्वांत मोठी वकिलात आहे. एवढ्यावरून काय ते समजा.

युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कारभारी मंडळाने, कायद्याचा मसुदा मांडला की तो आधी या अटॅशे मंडळींच्या कार्यगटात जातो. असे दीडशेहून जास्त कार्यगट आहेत. तिथे कलमाकलमावर, कधी स्वल्पविरामावरही कीस पडतो. तिथे न सुटलेलं वर कोरेपेरकडे जातं. कोरेपेर म्हणजे राजदूतांची समिती. तिचे दोन भाग. कोरेपेर-दोनमध्ये खुद्द राजदूत बसतात आणि परराष्ट्र, अर्थ, गृह असे विषय घेतात. कोरेपेर-एकमध्ये उपराजदूत, आणि बाजारपेठ, पर्यावरण, वाहतूक, मासे असे विषय. उपराजदूत म्हणून त्यांना हलक्यात घेऊ नका, सगळ्या मोबाइलना एकच चार्जर हा नियम त्यांच्याच टेबलावरून गेला.

लग्नाआधी आपल्याकडे याद्यांची बैठक होते ना, तसं आहे हे. देणंघेणं, मानपान सगळं तिथे ठरतं. मंत्री येतात ते अक्षता टाकायला.

कोरेपेरमध्ये जमलं की विषय मंत्र्यांच्या यादीत ‘अ’ गटात पडतो, म्हणजे चर्चेविना मंजूर. आणि गंमत अशी की तो कुठल्याही खात्याच्या मंत्र्यांपुढे मंजूर होऊ शकतो. डिसेंबर २००४ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटचा वादग्रस्त मसुदा चक्क शेती आणि मासेमारी मंत्र्यांच्या बैठकीत ‘अ’ मुद्दा म्हणून आला होता. पोलंड संघात येऊन तेव्हा जेमतेम सात-आठ महिने झाले होते. त्यांच्या विज्ञान आणि माहिती तंत्रज्ञान खात्याचे उपमंत्री त्या मासेवाल्या बैठकीत स्वतः येऊन बसले आणि मुद्दा यादीतून काढायला लावला. मार्च २००५ मध्ये मंत्र्यांच्या परिषदेने तो शेवटी मंजूर केला, पण दरम्यान वातावरण इतकं तापलं होतं की जुलैमध्ये युरोपीय संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी तो फेटाळला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: इथे देशाचं हित साधतं ते आपली अडचण वेळेत इतरांच्या गळी उतरवल्याने. भाषणाने नाही, आणि नकाराधिकाराने तर फारच क्वचित. टेबलावर एकट्याने ‘नाही’ म्हणायची वेळ आली, तर तुमच्या राजदूताचं काम सहा महिने आधीच फसलेलं असतं.

---

मी_पामर

वाचतोय. एक बाळबोध शंका. आयोगातही प्रत्येक देशाचा एक माणूस असतो ना? मग तो काय करतो?

---

शुमानकर

@मी_पामर, आयुक्त आपापल्या देशाने सुचवलेले असतात, पण देशाकडून सूचना घ्यायच्या नाहीत अशी शपथ घेऊन बसतात. प्रत्यक्षात सगळे शुकमुनी असतात असं नाही, पण अधिकृतपणे ते संघाचे. खासदार पक्षाप्रमाणे बसतात. देश म्हणून देश बोलतो तो फक्त परिषदेत, आणि परिषद म्हणजे मंत्री आणि त्यांच्या आधी ही राजदूत मंडळी.

---

तिरकस

छान. म्हणजे पंचेचाळीस कोटी लोकांचे कायदे बंद दाराआड बाबू लोक ठरवतात, आणि निवडून आलेले लोक अंगठा उठवायला येतात. हे कौतुकाने सांगताय की तक्रारीने, तेच कळलं नाही.

---

शुमानकर

तक्रारीने नाही आणि कौतुकानेही नाही, तिरकसराव. राजदूत मनाचं काही बोलत नाही. दर बैठकीआधी राजधानीतून त्याला लेखी सूचना येतात. कुठे हटायचं, कुठे नाही, कोणता शब्द चालेल, सगळं त्यात असतं. डेन्मार्कमध्ये तर मंत्र्याला ब्रसेल्सला निघण्याआधी संसदेच्या युरोप समितीपुढे जाऊन वाटाघाटीची मुभा मागून घ्यावी लागते. म्हणजे दोरी निवडून आलेल्यांच्याच हातात असते. ती किती ओढायची हे देशागणिक बदलतं.

खरी मजा मात्र उलट्या दिशेला असते. चांगला राजदूत रोज आपल्याच सरकारशी वाटाघाट करत असतो. ‘तुम्ही पाठवलेली सूचना या खोलीत चालणार नाही, अमुक देश आपल्या बाजूला नाहीत, हा शब्द सोडा म्हणजे तो परिच्छेद मिळेल’ असं त्याला घरी सांगावं लागतं. घरच्यांना वाटतं, हा ब्रसेल्सचाच झाला. ब्रिटनचे राजदूत इव्हान रॉजर्स जानेवारी २०१७ मध्ये याच ताणातून राजीनामा देऊन गेले. जाताना सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं होतं की सत्तेवरच्यांना न रुचणारं खरं सांगत राहा. पुढच्या तीन वर्षांत ब्रेक्झिटवरून लंडनचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

---

डब्लिनवासी

शुमानकर, तुम्ही आयर्लंडचं नाव घेतलंत आणि एका वाक्यात सोडून दिलंत. हे बरोबर नाही. या विषयात ब्रेक्झिटच्या काळातल्या आयर्लंडइतकं शिकण्यासारखं दुसरं उदाहरण नसेल. मी तेव्हा इथेच होतो, रोज रेडिओवर हेच चालायचं. जरा सविस्तर लिहितो.

संघाच्या लोकसंख्येत आयर्लंडचा वाटा जेमतेम सव्वा टक्का. २३ जून २०१६ ला ब्रिटनने बाहेर पडायचं ठरवलं आणि आयर्लंड बेटावरची सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा एका रात्रीत संघाची बाहेरची सीमा होणार असं दिसू लागलं. ब्रिटनमधल्या उत्तर आयर्लंडचं दूध टँकरने दक्षिणेतल्या डेअरीत येतं, लोक एका बाजूला राहतात आणि दुसऱ्या बाजूला कामाला जातात. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथली चौकी, सैनिक, बुरूज सगळं गेलं होतं. रस्त्यावरच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर आल्या की समजायचं आपण हद्द ओलांडली.

आता विचार करा, माल्टा, लॅटव्हिया किंवा पोर्तुगालला या सीमेचं काय पडलंय? आयरिश मुत्सद्द्यांनी काम सुरू केलं ते इथून. सार्वमत झाल्यापासून पुढचे आठ-दहा महिने त्यांनी एकेक राजधानी गाठली. भांडण ब्रिटन आणि आयर्लंडचं नाही, प्रश्न संघाच्या एकसंध बाजारपेठेचा आणि संघाने स्वतः पैसा ओतलेल्या शांततेचा आहे, अशी मांडणी केली. लंडनला डब्लिनशी परस्पर बोलायचं होतं. डब्लिनचं उत्तर ठरलेलं: सीमेबद्दलची वाटाघाट संघाचे वाटाघाटकार मिशेल बार्निए करतील, त्यांच्याशी बोला. छोट्या देशाने मोठ्या शेजाऱ्याशी एकट्याने बोलायला नकार दिला, हाच डाव होता.

२९ एप्रिल २०१७ ला सत्तावीस नेत्यांनी वाटाघाटीची मार्गदर्शक सूत्रं मंजूर केली, काही मिनिटांत. पहिल्या टप्प्याचे तीन विषय: नागरिकांचे हक्क, पैशांचा हिशेब आणि आयर्लंडची सीमा. बघा, सव्वा टक्केवाल्याचा विषय पहिल्या तिनात. त्याच बैठकीत आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी यांनी अजून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. उद्या दोन्ही आयर्लंड शांततेने आणि कायदेशीर मार्गाने एक झाले तर उत्तरेचा भागही आपोआप संघात येईल, पूर्व जर्मनीसारखा, असं निवेदन नोंदवलं गेलं. याची बातमी लहान झाली, पण मला तरी ती वाटाघाटीतली सर्वांत हुशार खेळी वाटते. ब्रिटनशी चर्चा सुरूही झाली नव्हती.

पुढच्याच महिन्यात बार्निए डब्लिनच्या संसदेत बोलले आणि सीमेवरच्या मोनाहन परगण्यात जाऊन आले. ब्रसेल्समध्ये आयर्लंडचे राजदूत होते डेक्लन केलेहर. परिषदेचा ब्रेक्झिट कार्यगट बेल्जियमचे डिडिए सेऊस चालवायचे. नकाशे, कागद, उत्तरेतल्या घडामोडींची टिपणं या मंडळींपर्यंत सतत पोचत राहिली. कुणालाही ‘हे काय नवीन’ असं वाटू द्यायचं नाही, हे सूत्र.

आणि तो वर्तमानपत्राचा किस्सा. ऑक्टोबर २०१८, ब्रसेल्समध्ये नेत्यांचं जेवण. तोवर लिओ वराडकर टीशक, म्हणजे इथले पंतप्रधान झाले होते. त्यांनी सोबत आयरिश टाइम्सचा अंक नेला. त्यात १९७२ साली न्यूरीच्या जकात चौकीवर झालेल्या बॉम्बस्फोटाची आठवण सांगणारा लेख होता. नऊ माणसं गेली होती त्यात. वराडकरांनी तो अंक टेबलावर बाकीच्यांना दाखवला. जकात, दर, नियमावली या शब्दांमागे नक्की काय आहे ते एका पानात समोर आलं. अशा गोष्टी त्या क्षणी सुचल्यासारख्या दिसतात, पण जेवणाच्या टेबलावर कुठला कागद न्यायचा हे आधी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

---

कोकणी_गडी

वराडकर म्हणजे आमच्या मालवण तालुक्यातलं वराड! डिसेंबर २०१९ मध्ये आले होते गावी घरच्यांना घेऊन. गावात काय गर्दी! म्हणजे युरोपला वाटाघाट शिकवली ती मालवणी माणसाने, लिहून ठेवा.

---

डब्लिनवासी

गडी, लिहून ठेवलं. पण पाया केनींच्या काळात आणि बऱ्याच अनाम अधिकाऱ्यांनी घातला होता. वराडकर जून २०१७ मध्ये आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सनशी लिव्हरपूलजवळ समोरासमोर बसून कोंडी फोडली, ते श्रेय मात्र त्यांचं.

---

गोमंतक

मग आम्ही का मागे राहायचं? २०२४ च्या १ डिसेंबरपासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत आंतोनियो कोश्ता, मडगावच्या कोश्तांपैकी. घरचं नाव ‘बाबुश’. लेखक असलेल्या वडिलांचं बालपण मडगावात गेलं. आबादे फारिया रस्त्यावर अजून घर आहे. २०१७ साली मोदींच्या हस्ते ओसीआय कार्डही मिळालंय. आता नेत्यांच्या बैठकीत सूत्रं त्यांच्या हाती.

---

शुमानकर

@गोमंतक, सूत्रं हाती, पण मत नाही. युरोपीय परिषद म्हणजे नेत्यांची परिषद, मंत्र्यांची नव्हे; तिचा अध्यक्ष मतदान करत नाही आणि पोर्तुगालची बाजूही मांडू शकत नाही. ती पोर्तुगालचे पंतप्रधान मांडतात.

नेत्यांच्या बैठकीचा विषय निघालाच आहे तर एक खोली दाखवतो. आत फक्त नेते बसतात. सल्लागार, राजदूत सगळे बाहेर. मग बाहेरच्यांना कळणार कसं? त्यासाठी दर देशाचा एक ‘अंतिची’ असतो. राजदूताचा उजवा हात म्हणा. १९७५ मध्ये इटलीचे मुत्सद्दी पाओलो मास्सिमो अंतिची यांनी हा गट बसवला, त्यांचंच नाव चिकटलं. चालत आलेली पद्धत अशी की परिषदेच्या सचिवालयाचा एक माणूस आत बसून हाताने टिपणं घेतो, थोड्या वेळाने बाहेर येतो, दुसरा आत जातो. बाहेर आलेला शेजारच्या खोलीत सगळ्या अंतिचींना वाचून दाखवतो, जर्मनी असं म्हणाला, ग्रीस तसं म्हणाला. ते खाली मान घालून उतरवून घेतात आणि आपापल्या शिष्टमंडळाला पाठवतात. म्हणजे माहिती दोनदा ऐकून, दोनदा लिहून बाहेर येते. फोनवरून संदेश पाठवायच्या जमान्यातही या वह्यांना मान आहे, कारण नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ असं कुणी म्हटलं की हे कागद निघतात.

उपराजदूतांकडच्या अशाच गटाला मर्टेन्स म्हणतात. तोही एका बेल्जियन मुत्सद्द्याच्या नावावरून, १९९३ पासून.

---

अडगळ

किस्सेच चाललेत तर माझी भर. १९९१ च्या मास्ट्रिख्ट बैठकीत ब्रिटनचे राजदूत जॉन कर यांना आत थांबायची परवानगी नसताना ते टेबलाखाली बसून पंतप्रधान मेजरना चिठ्ठ्या सरकवत होते असं सांगतात. याच करनी पुढे कलम ५० चा मसुदा लिहिला. त्याच कलमाने ब्रिटन बाहेर पडला. नियतीला विनोदबुद्धी असते.

आणि राजदूत नसण्याचंही राजकारण असतं. १९६५ च्या जुलैत अध्यक्ष द गॉलने फ्रान्सच्या राजदूताला ब्रसेल्सहून परत बोलावलं आणि सात महिने खुर्ची रिकामी ठेवली. कारण शेतीचा पैसा आणि बहुमताने निर्णय घ्यायची पद्धत. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला तोडगा निघाला: एखाद्या देशाचा अत्यंत महत्त्वाचा हितसंबंध गुंतला असेल तर एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. एकमत झालंच नाही तर काय, यावर मतभेद आहेत एवढंच कागदावर लिहिलं आणि सगळे घरी गेले. त्या एका वाक्यावर युरोप वीसेक वर्षं चालला.

---

तिरकस

हे सगळं खरं असेल. पण शुमानकरांचं मूळ म्हणणं अजून पटलेलं नाही. नकाराधिकार चालत नाही म्हणता? सप्टेंबर २०२० घ्या. बेलारुसवर निर्बंध घालायला बाकी सगळे तयार, एकटा सायप्रस अडला. त्याला बेलारुसशी काहीच घेणं नव्हतं, तुर्कस्तानविरुद्ध कडक भूमिका हवी होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिखर बैठकीत तुर्कस्तानबद्दल थोडी कडक भाषा मिळाली आणि सायप्रसने हात काढला. जगाने आठवडेभर सायप्रसचं नाव घेतलं.

हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान यांचं तर बोलायलाच नको. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायचा निर्णय होताना ते खोलीबाहेर गेले आणि बाकी सव्वीस जणांनी हो म्हटलं. त्याच्या आदल्याच दिवशी आयोगाने हंगेरीचा अडवलेला निधी, दहा अब्ज युरोंच्या आसपास, मोकळा केला होता. योगायोग का?

---

शुमानकर

योगायोग नव्हता, इथे कुणी तसं मानतही नाही. नकाराधिकाराची किंमत येते हे मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. तो चालतो फक्त एकमताच्या विषयांत: परराष्ट्र धोरण, कर, नवे सदस्य, सात वर्षांचं अंदाजपत्रक. बाकी जवळजवळ सगळा कायदा विशेष बहुमताने होतो. म्हणजे सत्तावीसपैकी पंधरा देश आणि त्यांची मिळून ६५ टक्के लोकसंख्या. अडवायचं तर किमान चार देश आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या. तिथे ऑर्बान एकटे बसून कॉफी प्यायले काय आणि न प्यायले काय.

एकटं पडल्याचा नमुना हवा तर मार्च २०१७ चा पोलंड. डोनाल्ड टुस्क हे पोलंडचेच, युरोपीय परिषदेचे अध्यक्ष होते, आणि पोलंडच्या सरकारला ते पुन्हा नको होते. शेवटच्या क्षणी दुसरा उमेदवार पुढे केला. हंगेरीसुद्धा बरोबर आली नाही. निकाल २७ विरुद्ध १. पोलंडमध्ये तो आकडा कित्येक महिने विनोदात फिरत होता. त्यांचे राजदूत काही नवशिके नव्हते. आधी गणित मांडा, मग तोंड उघडा, हे घरच्यांनीच ऐकलं नाही.

उलट मार्च २०२३ मधली जर्मनी बघा. २०३५ नंतर धूर सोडणाऱ्या नव्या गाड्या बंद, हा कायदा संसदेशी ठरून शेवटच्या शिक्क्यासाठी आला होता. जर्मन सरकारातल्या एका छोट्या पक्षाच्या वाहतूकमंत्र्यांनी आक्षेप घेतला. इटली, पोलंड आणि बल्गेरियाही नाराज होते. बेरीज केली तर ३५ टक्क्यांच्या पुढे. तेव्हा मंत्र्यांच्या परिषदेचं फिरतं अध्यक्षपद सांभाळणाऱ्या स्वीडनने मत घेणंच पुढे ढकललं, आणि महिनाअखेर जर्मनीला कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या गाड्यांची पळवाट मिळाली. मत नोंदवायच्या आधीच अडवणारी बेरीज कागदावर दाखवता आली, म्हणून काम झालं. मात्र ठरलेल्या सौद्यात शेवटी खोडा घातल्याबद्दल बर्लिनवरचा राग लवकर गेला नाही, हेही खरं.

---

सुमेधा_के

मी व्हिएन्नात राहते. तुमच्या चर्चेत ‘देशाचं हित’ हे कुणीतरी ठरवून दिलेलं असतं असं सगळे धरून चाललात, म्हणून लिहिते.

१७ जून २०२४, लक्झेंबर्गला पर्यावरण मंत्र्यांची बैठक. (एप्रिल, जून आणि ऑक्टोबरमध्ये मंत्री तिकडे भेटतात, ब्रसेल्सात नाही.) निसर्ग पुनर्स्थापना कायदा मताला होता. मार्चमध्ये हंगेरीने ऐनवेळी पाठिंबा काढल्याने तो लटकला होता. आमच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री लिओनोरे गेवेसलर ग्रीन पक्षाच्या, चान्सेलर नेहामर रूढीवादी पक्षाचे. चान्सेलरांनी अध्यक्ष बेल्जियमला आधीच कळवलं होतं की मंत्रीणबाईंना हो म्हणायचा अधिकार नाही. बाई गेल्या आणि हो म्हणून आल्या. वीस देश, ६६.०७ टक्के लोकसंख्या. ऑस्ट्रिया दोन टक्क्यांच्या आसपास. वजा करून बघा.

बेल्जियमचं उत्तर सरळ होतं: खुर्चीवर जो मंत्री बसलाय त्याचं मत ते देशाचं मत. घरी काय चाललंय ते तुमचं तुम्ही बघा. आणि कळस म्हणजे त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी असलेले ब्रसेल्स प्रांताचे मंत्री कायद्याच्या बाजूचे होते, पण बेल्जियम म्हणून त्यांच्याच देशाने तटस्थ राहायचं ठरवलं होतं, कारण प्रांतांचं आपसात जमलं नव्हतं.

इथे अजूनही दोन तट आहेत. निम्मे म्हणतात घटनेचा भंग केला, निम्मे म्हणतात हिंमत केली. मी दुसऱ्या निम्म्यात, पण आमच्या राजदूताची मात्र कीव आली. मंत्रालयाची सूचना एक, चान्सेलर कचेरीची दुसरी. बिचाऱ्याने कोरेपेरमध्ये काय बोलायचं?

---

शुमानकर

वा, सुमेधाताई. हे उदाहरण माझ्या मुख्य लेखात हवं होतं. बेल्जियमचं तर नेहमीचंच. २०१६ मध्ये कॅनडाबरोबरचा व्यापार करार एकट्या वॉलोनिया प्रांताने दोन आठवडे रोखून धरला होता, तेव्हा कॅनडाच्या मंत्री डोळ्यांत पाणी घेऊन परत निघाल्या होत्या. पुढे सही झाली.

---

नाखवा

लोकहो, राजकारण पुरे. माशांचं कसं ठरतं ते सांगा. मगाशी मासेमारी अटॅशे म्हणालात.

---

डब्लिनवासी

नाखवा, तुमच्यासाठी खास. दर डिसेंबरात मासेमारी मंत्री ब्रसेल्सला बसतात आणि पुढच्या वर्षी कुठल्या समुद्रात कुठला मासा किती टन पकडायचा ते ठरवतात. बरेचदा पहाट होते. एकूण पकड किती ते बदलतं, पण देशांचे वाटे १९८३ पासून ठरलेल्या प्रमाणात. तिथे आयर्लंडच्या हातात वर्षानुवर्षं एक जुनं हत्यार होतं. १९७६ साली हेगमध्ये, गॅरेट फिट्झजेराल्ड परराष्ट्रमंत्री असताना, किनाऱ्यावरच्या गावांची गरज दाखवून एक सवलत मिळवली होती. साठा घटला तर आयर्लंडचा वाटा एका मर्यादेखाली जायचा नाही. तिला हेग प्राधान्य म्हणतात. त्याची भरपाई इतरांच्या वाट्यातून व्हायची, म्हणून दरवर्षी फ्रान्स, बेल्जियम वगैरे कुरकुरायचे आणि दरवर्षी आयरिश अटॅशे ती जुनी फाइल घेऊन हजर. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी एक परिच्छेद लिहून घेतला, त्यावर आयर्लंडच्या किलीबेग्ज बंदरातल्या बोटी कित्येक वर्षं काही टन जास्त आणत राहिल्या.

ब्रेक्झिट करारात मात्र मार बसला. ब्रिटनला द्याव्या लागलेल्या वाट्यात मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, आयर्लंडचा बराच गेला. सीमेसाठी सगळे पाठीशी उभे राहिले, माशासाठी राहिले नाहीत. इथल्या मच्छीमारांना विचारलंत तर ‘आमच्या मुत्सद्द्यांचं कौतुक’ वगैरे त्यांच्यापुढे काढू नका.

---

तिरकस

हं. म्हणजे सगळ्यांची मैत्री कामापुरती.

---

डब्लिनवासी

कामापुरती, आणि लक्ष ठेवलं तोवरच. २९ जानेवारी २०२१ आठवा. लसींच्या निर्यातीवर नियंत्रण आणताना आयोगाने उत्तर आयर्लंडच्या करारातलं, तो काही अंशी बाजूला ठेवायची मुभा देणारं कलम १६ वापरायचं जाहीर केलं. डब्लिनला विचारलंसुद्धा नाही! पाच वर्षं ज्या सीमेसाठी रान उठवलं, तिलाच हात. टीशक मायकल मार्टिन यांनी आयोगाच्या अध्यक्षांना फोन केले, मुत्सद्द्यांनी मिळेल त्याला गाठलं, आणि मध्यरात्रीच्या आत निर्णय मागे. कुठल्या तरी खात्यात कुणीतरी मसुदा लिहिताना आयर्लंडशी संबंधित माणसाला दाखवला नव्हता, एवढीच गोष्ट.

आणि हरतोही आम्ही. जानेवारी २०२६ मध्ये दक्षिण अमेरिकेबरोबरच्या मर्कोसूर कराराला आयर्लंडने गोमांस शेतकऱ्यांसाठी विरोध केला. बाजूला फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया, हंगेरी. पाचांची मिळून लोकसंख्या तीस टक्केसुद्धा भरत नाही. इटली आली असती तर अडलं असतं, पण इटलीने शेतीसाठी काही आश्वासनं पदरात घेतली आणि हो म्हटलं.

---

गोमंतक

मग आपल्या भारताच्या कराराचं? २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. आपण सत्तावीस देशांशी बोललो की एकाशी?

---

शुमानकर

एकाशी. व्यापार हा पूर्णपणे संघाचा अधिकार, त्यामुळे टेबलापलीकडे फक्त आयोग. पण आयोगाच्या मागे व्यापार धोरण समिती असते, तिथे सत्तावीस देशांचे लोक दर फेरीनंतर हिशेब मागतात. जर्मनांना मोटारी, फ्रेंचांना वाइन, प्रत्येकाचं काहीतरी. २००७ ला सुरू झालेली बोलणी २०१३ ला थंडावली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडली. मधल्या काळात दिल्लीच्या लोकांनी फक्त आयोगाचा उंबरठा झिजवला असेल असं मला वाटत नाही. सत्तावीस राजधान्यांतली आपली माणसंही कामाला लागली असणार. आपलं दूध बाहेर राहिलं, हे तिथल्या दूधवाल्या देशांनी कसं गिळलं ते कळायला मला आवडेल. पुढे परिषद आणि संसद यांची मंजुरी लागते, तो वेगळा धागा.

---

मी_पामर

शेवटची शंका. यातलं काही आपल्यासारख्याला बघता येतं का, की सगळं बंद दाराआड?

---

शुमानकर

मंत्री कायद्यावर चर्चा आणि मतदान करतात तो भाग परिषदेच्या संकेतस्थळावर थेट दिसतो, कुणी काय मत दिलं तेही तिथेच मिळतं. गेवेसलरबाईंचं मतदान शोधून बघा. कोरेपेर मात्र बंद. तिची विषयपत्रिका तेवढी आधी जाहीर होते. त्यात रोमन एक खाली लिहिलेलं म्हणजे चर्चा नाही, रोमन दोन म्हणजे बोलायचंय. एखादा विषय आठवडाभरात दोनवरून एकवर गेलेला दिसला की समजा मधल्या दिवसांत कुणीतरी कुणाशी तरी जेवलंय.